आधी विचारा, कोणतं पुस्तक अर्धवट टाकलं

पत्र:
मी दोन भाचरांची आत्या. भाची चौदा वर्षांची, भाचा नऊचा. दोघांच्याही वाढदिवसाला मी न चुकता पुस्तकं देते. परवा दादाकडे गेले, तर गेल्या तीन वर्षांतली माझी सगळी पुस्तकं कपाटात ओळीने उभी होती, कोरी करकरीत. एकाचं तर वेष्टनही काढलेलं नव्हतं. भाची म्हणाली, "आत्या, तुझी पुस्तकं चांगली असतात गं, पण ती सारखी मला सुधारायला बघतात." ती स्वतः रात्ररात्र मोबाईलवर कसल्यातरी क्रमशः गोष्टी वाचते. आता तिला एक कादंबरी हवी आहे, तिच्यात नायिकेची मैत्रीण आत्महत्या करते. भाचा त्याच त्या चार कॉमिक्सची पारायणं करतो. माझ्या लहानपणची पुस्तकं आता जुनी झाली हे मला कळतंय. तेव्हा या वयाच्या मुलांसाठी दहा-पंधरा चांगल्या नव्या पुस्तकांची यादी द्याल का? आणि ती कादंबरी घेऊन देऊ का?
– एक हिरमुसलेली आत्या

प्रिय आत्या,

यादी देणं माझ्यासाठी पाच मिनिटांचं काम आहे, आणि म्हणूनच ती मी देत नाहीये. यादी करणाऱ्याला पुस्तकं ठाऊक असतात, तुमची भाची ठाऊक नसते. तुम्हाला भाची ठाऊक आहे, पण तुम्ही तिला दिलेली पुस्तकं तुम्ही स्वतः वाचली होती का? रागावू नका. पत्रात तुम्ही मुलांबद्दल एवढं लिहिलंय, पण त्या न वाचलेल्या पुस्तकांपैकी एकाबद्दलही एक ओळ नाही. म्हणून शंका आली.

मी हे ज्या तोऱ्यात विचारतेय, तो मला शोभत नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका अकरा वर्षांच्या मुलीला मी एक पुस्तक मोठ्या कौतुकाने दिलं. मुखपृष्ठावर एक मुलगा आणि कुत्रा. मी फक्त मलपृष्ठावरचा मजकूर वाचला होता आणि त्याच्याच जोरावर बोलत होते. तिने पुस्तक उलटंपालटं केलं आणि विचारलं, "यातला कुत्रा शेवटी मरतो का?" मला माहीत नव्हतं. "बहुतेक नाही," असं काहीतरी पुटपुटले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक परत माझ्या हातात ठेवलं. त्या रात्री ते मी वाचून काढलं. कुत्रा जगतो, आजोबा जातात. त्या मुलीचे आजोबा चार महिन्यांपूर्वी गेले होते, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

शिफारस करायची तर मूल आणि पुस्तक दोन्ही माहीत लागतात. त्यातलं एकच माहीत असेल तर तो अंदाज झाला, आणि मुलांना तो लगेच ओळखू येतो.

तुमच्या भाचीचं वाक्य तर मला फार आवडलं. 'सुधारायला बघतात.' बालसाहित्याचं हे जुनं दुखणं आहे. गोष्ट सुरू होण्याआधीच तात्पर्य दबा धरून बसलेलं असतं. मोठ्यांना ते दिसत नाही, कारण आपण ते शोधायलाच पुस्तक उघडतो. मुलांना पहिल्या तीन पानांत वास येतो. तेव्हा निवडताना एक साधी कसोटी लावा. पुस्तकातल्या मुलाने एखादी चूक केली, खोटं बोललं, कुणाचा हेवा केला, तर लेखक त्याच्यावर डोळे वटारून बसतो की पुढे काय होतं ते बघायला तयार असतो? डोळे वटारणारी पुस्तकं तुमच्या कपाटाची शोभा वाढवतील.

आता 'नवं' या शब्दाकडे येऊ, कारण त्यात बरेच घोटाळे आहेत.

दुकानात दर्शनी भागात ठेवलेलं पुस्तक नवं असतंच असं नाही. नव्या मुखपृष्ठातलं ते चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक असू शकतं. आतलं छपाईच्या तपशिलाचं पान उघडा. तिथे पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रण कधीचं, आणि अनुवाद असेल तर बहुधा मूळ पुस्तकाचं सालही सापडतं. जुनं असणं हा काही गुन्हा नाही. पण जुन्या गोष्टीत मूल जंगलात हरवतं आणि पुढची साठ पानं आपण श्वास रोखून वाचतो, तिथे आजचं मूल विचारतं, "फोन का नाही केला?" त्या प्रश्नावर रहस्याचा फुगा फुटतो. एकच पालक असलेलं घर, शाळेच्या ग्रुपवर झालेली बदनामी, देश सोडून आलेली वर्गमैत्रीण, हे सगळं मुलं रोज बघतात. ते ज्यात सहजपणे येतं, अशी पुस्तकं बहुतेक अलीकडची असतात. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासिकेने 1990 मध्ये म्हटलं होतं की पुस्तकं कधी खिडकी असतात, कधी आरसा, आणि कधी सरकवून पलीकडे जाता येईल असं काचेचं दार. तुम्ही तीन वर्षं आरसेच दिलेत असं मला वाटतं, फक्त त्यांत तुमचं बालपण दिसत होतं.

माहितीच्या पुस्तकांत मात्र साल बघितल्याशिवाय काहीही घेऊ नका. तिथे 'नवं' हा चवीचा प्रश्न नाही, खऱ्याखोट्याचा आहे. 2006 च्या आधीच्या अंतराळाच्या पुस्तकात प्लूटो धरून नऊ ग्रह असतात. 1996 मध्ये चीनमध्ये पिसांच्या खुणा असलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या डायनासोरचा जीवाश्म जगासमोर आला आणि डायनासोरांची चित्रंच बदलायला लागली. तरीही सगळेच्या सगळे पालीसारखे गुळगुळीत दाखवणारी पुस्तकं अजून विकली जातात. शनीच्या चंद्रांचं तर विचारूच नका. 2025 मध्ये एकदम 128 नव्या चंद्रांची भर पडून त्यांची संख्या 274 झाली, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं पुस्तकही मागे पडलं. नऊ वर्षांच्या मुलाला असल्या चुका पकडण्यात जो आनंद होतो, तो कोणत्याही गोष्टीत होत नाही. म्हणजे एखादं जुनं पुस्तक मुद्दाम त्यासाठीही देता येईल, असं आता लिहिताना मला सुचतंय.

भाच्याचं. त्याच्या कॉमिक्सबद्दल तुमच्या पत्रात एक सुस्कारा आहे, तो आधी सोडून द्या. चित्रं आणि शब्द एकत्र वाचणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते सोपं नाही. दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं ते वाचणाऱ्यालाच भरून काढावं लागतं. अमेरिकेत बालसाहित्यासाठी 1922 पासून दिलं जाणारं न्यूबेरी पदक 2020 मध्ये पहिल्यांदा एका चित्रकादंबरीला मिळालं. जेरी क्राफ्ट यांची 'न्यू किड' ही कादंबरी. नव्या शाळेत सतत उपरं वाटणारा, वहीत व्यंगचित्रं काढत बसणारा मुलगा तिचा नायक आहे. हे कळायला परीक्षकांना अठ्ठ्याण्णव वर्षं लागली, तेव्हा आत्याला तीन लागली तर बिघडत नाही.

आणि पारायणं? करू द्या. तेच ते परत वाचताना मूल पुढे काय होणार या धास्तीतून सुटतं आणि बाकीचं बघायला मोकळं होतं. पार्श्वभूमीतला विनोद, चेहऱ्यावरचा फरक, आधी निसटलेला शब्द. तुम्हाला त्याला हळूच पुढे न्यायचं असेल, तर कॉमिक्सकडून एकदम सलग मजकुराच्या जाड पुस्तकाकडे उडी मारायला लावू नका. मधल्या पायऱ्या आहेत. ब्रायन सेल्झनिक यांच्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे'ला 2008 मध्ये चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. ते पाचशेहून जास्त पानांचं आहे, पण त्यातली कितीतरी पानं नुसती पेन्सिलची चित्रं आहेत आणि कथा त्या चित्रांतूनच पुढे सरकते. एवढं जाडजूड पुस्तक आपण संपवलं, हा अभिमान त्या वयात फार मोठा असतो. दुसरी पायरी म्हणजे मालिका. पहिला भाग आवडला की दुसऱ्या भागात माणसं ओळखीची असतात, गाव ओळखीचं असतं, सगळा जोर नव्या शब्दांना मिळतो. मालिकांना नाकं मुरडणारे मोठे लोक स्वतः रात्री काय बघतात ते विचारा.

कठीण किती आहे हे बघायला ग्रंथपाल एक युक्ती सांगतात. कोणतंही पान उघडायचं, मुलाने वाचायचं, प्रत्येक न कळलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली तर पुस्तक सध्या बाजूला. युक्ती चांगली आहे, फक्त विषयाचं वेड असेल तिथे ती लागू पडत नाही. डायनासोरवेडं मूल वितभर लांबीची नावं चघळत जातं आणि 'तथापि'ला अडखळतं. मूल दोन भाषांत वाचत असेल तर बोटं दोन्ही भाषांत वेगवेगळी मोजा. एका भाषेत अकरा वर्षांचं असलेलं मूल दुसऱ्या भाषेत आठ वर्षांचं असू शकतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता भाची. तिच्यावर मी जरा थांबणार आहे.

पहिली गोष्ट, ती वाचतच नाही असं तुम्ही म्हणूच शकत नाही. रात्ररात्र क्रमशः वाचणारी मुलगी वाचक आहे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'चे भाग 1836 मध्ये दरमहा यायला लागले, तेव्हा लोकही असेच पुढच्या भागाला डोळे लावून बसायचे. झोपेचा प्रश्न आहे, तो दादा-वहिनींनी बघावा. तुम्ही एवढंच विचारा की त्या गोष्टींत काय असतं. भुतं, प्रेम, गुन्हा, की एखादी सामान्य मुलगी एकाएकी महत्त्वाची होते? तिच्या उत्तरात पुढच्या पुस्तकाचा पत्ता असेल. चौदाव्या वर्षी मुलांना आपल्या वयाच्या नायिका फारशा नको असतात, दोन-तीन वर्षांनी मोठ्या हव्या असतात. पुढच्या वळणावर काय आहे ते डोकावून बघायचं असतं. पुस्तकावर '12 ते 15' असं छापलेलं असेल तर तिला ते बारावाल्यांचं वाटणार हे गृहीत धरा.

जाड कादंबरीने ती दचकत असेल तर पद्यातल्या कादंबऱ्या बघा. पानावर थोड्या ओळी, भरपूर मोकळी जागा, तरी कथा पूर्ण. क्वामे अलेक्झांडर यांची 'द क्रॉसओव्हर' अशीच आहे. बास्केटबॉल खेळणारे जुळे भाऊ, त्यांचं भांडण, त्यांचे वडील. 2015 मध्ये तिला न्यूबेरी मिळालं. पण कुत्र्याच्या गोष्टीला स्मरून सांगते, तिचा शेवट हलका नाही. वडिलांच्या आजारपणाचा विषय घरात ओला असेल तर आधी विचार करा.

ती कादंबरी. तुम्ही घाबरून 'नाही' म्हणाल तर ती मोबाईलवर वाचेल आणि तुम्हाला सांगणार नाही. डोळे मिटून 'हो' म्हणणंही बरोबर नाही. दोन कामं करा, आणि त्याच क्रमाने.

आधी तिच्याशी बोला. "हे का वाचायचंय तुला?" एवढंच, चौकशीच्या सुरात नको. बऱ्याचदा उत्तर साधं असतं, वर्गात सगळ्या वाचतायत. कधीकधी नसतं. एखादी मैत्रीण तिच्याजवळ काही बोललेली असते, किंवा तिच्या स्वतःच्याच मनात काही चाललेलं असतं, आणि पुस्तक मागणं हा ते सांगायचा वळसा असतो. ती अलीकडे गप्प झाली असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, निरवानिरवीचं बोलत असेल, तर पुस्तकाचा विषय तिथेच राहू द्या. तिला सरळ विचारा, की जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मनात येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' असेल तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दादा-वहिनींना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. इथे 'आत्याचं गुपित' वगैरे काही नसतं.

तसं काही नसेल तर दुसरं काम, कादंबरी तुम्ही वाचा. माध्यमांनी आत्महत्येबद्दल कसं लिहावं याच्या सूचना जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आहेत. त्या बातम्यांसाठी असल्या तरी आपल्याला चष्मा म्हणून उपयोगी पडतात. पद्धतीचं बारीकसारीक वर्णन आहे का? मृत्यू हाच प्रश्नावरचा उपाय असल्यासारखा मांडलाय का, त्याला काही भव्य, काव्यमय रंग दिलाय का? मागे राहिलेल्यांचं दुःख दिसतं का, मदत मागून सावरलेलं कुणी दिसतं का? पहिल्या दोनची उत्तरं 'हो' असतील तर तिला स्पष्ट सांगा की हे पुस्तक मला खोटं वाटलं, आणि का वाटलं. 'तुझ्या वयाला नको' म्हणण्यापेक्षा 'खोटं वाटलं' हे चौदा वर्षांच्या मुलीला जास्त पटतं. तसं नसेल, तर द्या, आणि तुम्हीही वाचलंय हे तिला कळू द्या. बोलायचं की नाही ते ती ठरवेल.

तुमच्या यादीचं काय? नावं कुठून मिळवायची एवढं सांगते. पुरस्कार उपयोगी असतात, पण नुसता विजेता बघू नका, अंतिम फेरीतली सगळी नावं बघा. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार 1956 पासून लेखकांना आणि 1966 पासून चित्रकारांनाही दिला जातो, आणि तो एका पुस्तकाला नसतो, आयुष्यभराच्या कामाला असतो. त्यातून पुस्तक नव्हे, लेखक सापडतात. बहुतेक ठिकाणी परीक्षक मोठी माणसं असतात, त्यामुळे मोठ्यांना आवडणारी पुस्तकं पुढे येतात. जर्मनीच्या युवा साहित्य पुरस्कारात म्हणूनच 2003 पासून किशोरवयीन मुलांचं स्वतंत्र परीक्षक मंडळ असतं आणि ते स्वतःचं पुस्तक निवडतं. मोठ्यांच्या आणि त्यांच्या निवडी शेजारी ठेवून बघा, करमणूक होईल. आणि मुलांच्या विभागातला ग्रंथपाल भेटला तर त्याला 'चौदा वर्षांच्या मुलीसाठी काहीतरी' असं विचारू नका. 'तिला अमुक पुस्तक आवडलं, तमुक चाळीसाव्या पानावर टाकून दिलं,' असं सांगा. अर्धवट टाकलेलं पुस्तक आवडत्या पुस्तकापेक्षा जास्त बोलतं. आवडलं का, तर 'छान होतं', संपलं. का टाकलं, यावर मुलं दहा मिनिटं बोलतात.

म्हणून यंदा वाढदिवसाआधी दोघांनाही एकेक फोन करा आणि एवढंच विचारा, शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट टाकलंस, आणि कुठे. ऐकताना 'अरेरे' म्हणायचं नाही. पुस्तक सोडून देणं हा वाचकाचा हक्कच आहे. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जे स्वतः शिक्षक होते, 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यातला पहिला न वाचण्याचा आहे आणि तिसरा पुस्तक पुरं न करण्याचा. मग भाचीलाच म्हणा, तू मला एक सुचव. ती सुचवेल ते खरोखर वाचा, मोबाईलवरची क्रमशः असली तरी. शिफारस दोन्ही बाजूंनी व्हायला लागली की तुमच्या पुस्तकांना लागलेला सुधारकी वास आपोआप कमी होईल.

देताना दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका. "एका मुलीला तिच्या आईचं जुनं सिमकार्ड सापडतं आणि त्यावर रोज रात्री एकच नंबर वाजतो," अशा धर्तीचं काहीतरी, आणि गप्प बसा. भाच्याला पहिलं प्रकरण तुम्हीच वाचून दाखवा आणि रंगात आल्यावर उठून कामाला लागा. आठवड्याने "वाचलंस का?" असा फोन करू नका. मला माहीत आहे, हात शिवशिवतील.

अजून एक. पहिल्या पानावर तुम्ही 'खूप वाच, मोठी हो, तुझी आत्या' असं शाईने लिहीत असणार, मीही लिहायचे. त्याने पुस्तक बदलून घेता येत नाही, आणि मुलांना ते आवडलं नाही असं सांगताही येत नाही. आशीर्वाद वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, पावती त्याच चिठ्ठीत गुंडाळून पुस्तकात ठेवा, आणि आवडलं नाही तर बदलून आण असं आधीच सांगून टाका.